कार्यक्रमांना जाऊनही काम का मिळत नाही: दोन भेटींच्या मधल्या काळाविषयी

एका स्वतंत्र ग्राफिक डिझायनरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: गेले वर्षभर त्या आपल्या शहरातील उद्योजकांचे मेळावे, मीटअप, प्रदर्शनांची उद्घाटने आणि चर्चासत्रे यांना नियमितपणे जात आहेत. प्रत्येक ठिकाणी जमेल तितक्या जणांना कार्ड देतात, त्याच रात्री इन्स्टाग्राम आणि लिंक्डइनवर छायाचित्रे टाकतात, लाइकही बऱ्यापैकी मिळतात. परंतु त्यातून काम जवळजवळ आलेले नाही. आता पोस्टची संख्या वाढवावी, आणखी कार्यक्रमांना जावे, की पैसे देऊन जाहिराती चालवाव्यात, असे त्यांना विचारायचे आहे.

या तिन्हींपैकी एकही गोष्ट मी आत्ता सुचवणार नाही. कार्यक्रमांची संख्या कमी करावी, निवडलेल्या दोन-तीन वर्तुळांत पुन्हा पुन्हा जावे आणि सोशल मीडियाचा उपयोग एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत ओळख टिकवण्यासाठी करावा, असे माझे मत आहे. या क्षेत्रात काम करताना मला सातत्याने दिसत आले आहे, की पहिल्या भेटीत काम क्वचितच मिळते. समोरच्याला गरज पडते ती काही महिन्यांनी, एखाद्या साध्या कामाच्या दिवशी, आणि त्या वेळी त्याला आपले नाव व आपण नेमके काय करतो हे दोन्ही आठवते का, यावर सगळे अवलंबून असते. आज आपण जे करता त्यात कार्यक्रमाच्या संध्याकाळी भरपूर मेहनत आहे. नंतरच्या महिन्यांत मात्र काहीच नाही.

ओळखीतून काम कसे मिळते, याविषयी समाजशास्त्रात एक जुना आणि अजूनही उपयोगी पडणारा अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात बॉस्टनच्या एका उपनगरातील ज्या लोकांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना ती ओळखीची व्यक्ती त्या काळात किती वेळा भेटत असे, असे विचारले होते. आठवड्यातून किमान दोनदा भेटणाऱ्या व्यक्तीकडून नोकरी कळलेले लोक जेमतेम 16.7 टक्के होते. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा, पण आठवड्यातून दोनदापेक्षा कमी वेळा भेटणाऱ्यांकडून कळलेले 55.6 टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेट होणाऱ्यांकडून कळलेले 27.8 टक्के. कारण सरळ आहे: आपल्या निकटच्या मित्रांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते, आणि नवी माहिती येते ती थोड्या दूरच्या वर्तुळातून. पुढे 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत या विचाराला महत्त्वाची पुस्ती जोडली गेली. नोकरी बदलण्यासाठी सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या मध्यम प्रमाणात दूरच्या ओळखी; अगदी परक्यांसारख्या ओळखींचा उपयोग त्यांच्याहून कमी होता.

नोकरी आणि डिझाइनचे काम या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी जाणून आहे. तरीही आपल्या प्रश्नासाठी यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. एका संध्याकाळी कार्ड घेऊन निघून गेलेला माणूस अजून दूरची ओळखही झालेला नसतो. त्याला त्या मधल्या पट्ट्यात आणायचे असेल, तर त्याची आणि आपली काही माणसे सामाईक व्हावी लागतात आणि वर्षातून काही वेळा एकमेकांचे नाव समोर यावे लागते. पहिली गोष्ट त्याच मंडळींत पुन्हा जाण्याने साधते, दुसरी सोशल मीडियाने.

म्हणून कार्यक्रमाची निवड करताना तेथे किती लोक येतात हे मी शेवटी पाहतो. आधी पाहतो ते हे, की तीच माणसे पुन्हा येतात का, आणि ज्यांना आपले काम लागते अशा व्यवसायांतील लोक त्यांत आहेत का. पाचशे जणांचा वार्षिक मेळावा नाव ऐकायला मोठा असतो, पण तेथे भेटलेला माणूस पुन्हा दिसेल तो वर्षाने. दर महिन्याला भरणारी तीस-चाळीस जणांची बैठक सहा महिन्यांत आपल्याला त्या गटाचा भाग बनवते. आणखी एक गोष्ट अनेक डिझायनर आणि लेखक विसरतात: आपल्याच व्यवसायातील लोकांचे मीटअप शिकण्यासाठी उत्तम असतात, आणि एखाद्याकडे काम जास्त झाले तर तो ते आपल्याकडे वळवतोही, परंतु ग्राहक तेथे नसतो. खाद्यपदार्थांचे छोटे उत्पादक, पुस्तकविक्रेते, दवाखाने चालवणारे डॉक्टर किंवा स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते जेथे जमतात, तेथे आपण एकट्या डिझायनर असाल, आणि केवळ त्यामुळेच लक्षात राहाल.

कार्यक्रमाच्या आधीचे काम बहुतेक लोक करतच नाहीत, आणि माझ्या मते सर्वाधिक परतावा याच कामाचा आहे. भेट झाल्यावर माणूस आपले प्रोफाइल उघडून पाहतो, कित्येकदा आपल्यासमोरच फोनवर उघडतो. तेथे पहिल्या ओळीत आपण कोणासाठी काय करता हे समजले पाहिजे. ‘सर्जनशील मनाची दृश्यकथाकार’ अशा वाक्यातून कोणालाही काहीही कळत नाही. ‘खाद्यपदार्थांच्या लहान उद्योगांसाठी पॅकेजिंग आणि लेबल’ यातून कळते. वर पिन केलेल्या पोस्टमध्ये कार्यक्रमांचे फोटो असण्यापेक्षा पूर्ण झालेली दोन-तीन कामे असावीत, आणि प्रत्येक कामाखाली ग्राहकाची अडचण काय होती व ती कशी सोडवली हे चार वाक्यांत लिहिलेले असावे. इन्स्टाग्रामच्या पोस्टखालील मजकुरात दिलेला दुवा दाबता येत नाही, त्यामुळे संपर्काचा दुवा बायोमध्ये आणि गरजेप्रमाणे स्टोरीतील लिंक स्टिकरमध्ये ठेवावा. एवढी साधी गोष्ट नसल्यामुळे उत्सुक माणूस परत गेलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

त्यानंतर वक्ते आणि संयोजक कोण आहेत, ते पाहावे. वक्त्यांच्या अलीकडच्या दोन-तीन पोस्ट मनापासून वाचाव्यात आणि बोलण्यासारखे काही असेल तरच कमेंट करावी. ‘खूप छान’ या कमेंटचा उपयोग शून्य असतो. त्यांनी मांडलेल्या मुद्द्यावर आपल्या अनुभवातील एखादी भर किंवा खरा प्रश्न असेल, तर प्रत्यक्ष भेटीत बोलणे तेथूनच सुरू होते, आणि लाजाळू माणसाला याचा फार आधार वाटतो. संयोजकाला मात्र स्वतंत्रपणे लिहावे आणि नोंदणीच्या टेबलावर बसण्याची तयारी दाखवावी. त्या टेबलावर प्रत्येक येणारा आपल्याशी बोलतो, नाव सांगतो, आणि आपल्याला स्वतःहून कोणाला गाठावे लागत नाही. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: डिझायनर म्हटल्यावर संयोजक विनामूल्य पोस्टर मागतात. ते करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन, कारण त्या गटात आपली पहिली ओळख ‘फुकट करून देणारी’ अशी झाली, की तीच टिकते आणि नंतर योग्य मोबदला मागणे अवघड होते. वेळ द्यावा, कौशल्य मोफत देऊ नये.

प्रत्यक्ष कार्यक्रमात काय घडते याविषयी एक अभ्यास प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॉल इन्ग्रम आणि मायकेल मॉरिस या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोलंबिया विद्यापीठातील एका अनौपचारिक संमेलनाला आलेल्या सुमारे शंभर व्यावसायिकांना इलेक्ट्रॉनिक टॅग लावून कोण कोणाशी बोलते याची नोंद घेतली. नवीन लोकांना भेटणे हा आपला हेतू आहे असे बहुतेकांनी आधी सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र ते अनोळखी लोकांपेक्षा आपल्या ओळखीच्याच माणसांशी गप्पा मारण्याकडे अधिक झुकले. यात दोष देण्यासारखे काही नाही, तो माणसाचा स्वभाव आहे. त्याच्याशी झगडण्यापेक्षा त्याचा उपयोग करून घ्यावा: ओळखीच्या व्यक्तीला भेटल्यावर तिला सरळ विचारावे, की येथे आलेल्यांपैकी मी कोणाला भेटावे असे तुम्हाला वाटते, आणि तुम्ही माझी ओळख करून द्याल का. अशा रीतीने झालेल्या ओळखीत सामाईक माणूस पहिल्या मिनिटापासून असतो. आपणही हेच इतरांसाठी करावे. दोन माणसांची योग्य गाठ घालून देणारी व्यक्ती दोघांच्याही लक्षात राहते, आणि त्यासाठी तिला स्वतःविषयी एक शब्दही बोलावा लागत नाही.

एका संध्याकाळी तीन किंवा चार माणसांशी नीट बोलणे पुरेसे आहे. काम विकायचा प्रयत्न तेथे करू नये; त्यांच्या व्यवसायात सध्या काय अडते आहे, हे विचारावे आणि उत्तर ऐकल्यावर त्याच उत्तरातून पुढचा प्रश्न विचारावा. संवाद थांबवण्याचाही संकोच बाळगू नये. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले, की दोघांनाही हवे होते त्याच वेळी संपलेले संवाद सुमारे 2 टक्केच होते, कारण समोरच्याला किती वेळ बोलायचे आहे हे दोघांनाही ओळखता येत नाही आणि ते विचारणे उद्धटपणाचे वाटते. ‘तुमच्याशी बोलून बरे वाटले, त्या लेबलाच्या नियमांविषयी मी उद्या लिहून पाठवते’ असे म्हणून निघणे सर्वांत उत्तम, कारण त्यात निरोपही आहे आणि पुढच्या संपर्काचे कारणही. दुसऱ्या बाजूला, आपल्याविषयी समोरच्याचे मत वाईट झाले अशी धास्ती घेऊन घरी जाणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे, की 2018 मधील एका संशोधनात, पहिल्या संभाषणानंतर लोक आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी करतात, असे दिसून आले. म्हणजे संदेश पाठवण्याआधी वाटणारा संकोच बहुतेक वेळा निराधार असतो.

कार्डापेक्षा क्यूआर कोड बरा की नाही, यावर लोक विनाकारण वाद घालतात, दोन्ही चालतात. महत्त्वाची आहे ती टीप. सभागृहातून बाहेर पडल्यावर, घरी पोहोचण्याआधी, प्रत्येक नव्या माणसाविषयी फोनमध्ये तीन गोष्टी लिहाव्यात: कोठे भेटलो, कशाविषयी बोललो आणि मी काय देण्याचे कबूल केले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत यातील निम्मे विसरलेले असते.

आता पोस्टकडे वळतो, कारण आपली सर्वाधिक मेहनत तेथे जाते आहे. सभागृहातील गटाचे छायाचित्र आणि खाली ‘अप्रतिम संध्याकाळ, नव्या ओळखी’ एवढा मजकूर, ही पोस्ट जे तेथे नव्हते त्यांना काहीच देत नाही, आणि जे होते ते स्वतःचा चेहरा पाहून लाइक करून पुढे जातात. लाइक मिळूनही काम न येण्याचे कारण येथे आहे. त्याऐवजी त्या संध्याकाळी ऐकलेला एकच मुद्दा घ्यावा, तो कोणी मांडला हे नावासह सांगावे आणि आपल्या व्यवसायाच्या बाजूने त्यात भर घालावी. समजा, एका लोणची उत्पादकाने सांगितले, की दुकानदार बरणी मागच्या रांगेत ठेवतो आणि नाव दिसतच नाही. यावर आपण दोन रेखाटने करून, झाकणावर आणि बरणीच्या वरच्या पट्टीवर नाव घेतले तर काय फरक पडतो, हे दाखवू शकता. अशी पोस्ट तो उत्पादक स्वतः इतरांना पाठवेल, कारण ती त्याच्या अडचणीविषयी आहे. मात्र खासगी गप्पांत सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय नावानिशी लिहू नये. हा नियम मोडला, की त्या वर्तुळात आपल्यासमोर मोकळेपणाने कोणी बोलत नाही.

इन्स्टाग्रामवर 2021 पासून संयुक्त पोस्टची सोय आहे: एकच पोस्ट दोन खात्यांवर दिसते आणि लाइक व कमेंट एकत्र मोजल्या जातात. चांगली तयार केलेली पोस्ट संयोजकाला आधी दाखवून संयुक्तपणे प्रकाशित केली, तर त्या मंडळातील जे लोक त्या दिवशी आले नव्हते त्यांच्यापर्यंतही ती पोहोचते, आणि यासाठी एक पैसाही लागत नाही. स्टोरी 24 तासांत निघून जाते, म्हणून कार्यक्रम चालू असतानाच्या क्षणांसाठी ती योग्य; तेथे ज्याचा उल्लेख केला त्याला ती स्वतःच्या स्टोरीत पुन्हा टाकता येते. टॅग मात्र ज्यांचा त्या पोस्टशी खरोखर संबंध आहे त्यांनाच करावे. वीस जणांना सरसकट टॅग करणे म्हणजे वीस जणांच्या फोनवर विनाकारण घंटा वाजवणे आहे.

हॅशटॅगविषयीही विचारले जाते. ती खूण ट्विटरवर वापरण्याची कल्पना क्रिस मेसिना यांनी 23 ऑगस्ट 2007 रोजी मांडली, आणि त्यांनी दिलेले पहिले उदाहरणच बारकॅम्प या मेळाव्याचे होते. म्हणजे एका कार्यक्रमाला जमलेल्या लोकांचे बोलणे एकत्र दिसावे, हाच तिचा मूळ उपयोग आहे. आजही तेवढ्यासाठीच ती वापरावी: कार्यक्रमाचा अधिकृत हॅशटॅग, फार तर शहराचा आणि व्यवसायाचा एकेक. हॅशटॅगांच्या ढिगाऱ्याने ग्राहक मिळत नाही.

छायाचित्रांबाबत मी आग्रही आहे. ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याला विचारावे, गळ्यातील ओळखपत्रावरचे फोन नंबर दिसत नाहीत ना हे तपासावे आणि लहान मुले चौकटीत असतील तर ते छायाचित्र टाळावे. युरोपात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या नियमांनुसार ओळखू येणारा चेहरा व्यक्तिगत माहितीत धरला जातो; आपल्या ठिकाणचा कायदा काहीही असो, विचारण्याचे सौजन्य समोरच्याच्या लक्षात राहते.

भेटीनंतरचा संदेश एक-दोन दिवसांत जावा आणि जे कबूल केले होते ते त्यातच द्यावे. ‘आपण काल भेटलो होतो, माझे काम येथे पाहा’ हा संदेश नको. ‘लेबलावर घटकांची यादी किती मोठ्या अक्षरांत हवी असे तुम्ही विचारले होते, त्याची माहिती सोबत देते आहे’ हा हवा. लिंक्डइनवर विनंतीसोबत दोन ओळी लिहाव्यात. मोफत खात्याला अशा मजकुरासह मोजक्याच विनंत्या पाठवता येतात, म्हणून त्या जपून वापराव्यात. इन्स्टाग्रामवर जो आपल्याला फॉलो करत नाही त्याच्याकडे आपला संदेश विनंत्यांच्या वेगळ्या कप्प्यात पडून राहू शकतो, त्यामुळे भेटीतच एकमेकांना फॉलो करून घेणे चांगले. व्हॉट्सॲपवरील ब्रॉडकास्ट संदेश केवळ ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच मिळतो. परंतु पोहोचेल का याहून मोठा प्रश्न असा, की नव्या माणसाला त्याने मागितल्याशिवाय अशा यादीत घालावेच का. माझे उत्तर ठाम नकार असे आहे. तेच कार्यक्रमाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे: तेथे स्वतःची जाहिरात टाकू नये, कोणी काही विचारले तर नेमके उत्तर द्यावे. ग्रुपमध्ये दिलेल्या पाच चांगल्या उत्तरांनी जे साधते ते पन्नास जाहिरातींनी साधत नाही.

त्यापुढचे महिने हेच खरे काम आहे. आपल्या टिपांमधून वीस-पंचवीस नावांची एक साधी यादी करावी आणि दर आठवड्याला त्यातील तीन-चार जणांच्या पोस्ट जाणीवपूर्वक पाहाव्यात. कोणाचे नवे उत्पादन आले असेल तर त्याविषयी नेमके लिहावे, कोणाला उपयोगी पडेल असे काही वाचनात आले तर पाठवावे, कोणाच्या दुकानाविषयी चांगले ऐकले तर ते त्याला कळवावे. यात ढोंग नको. ज्याच्या कामात आपल्याला काहीच रस वाटत नाही, त्याचे नाव यादीतून काढून टाकलेले बरे. पुढच्या कार्यक्रमात हीच माणसे भेटली, की बोलणे मागच्या भेटीपासून नव्हे, मागच्या आठवड्यापासून सुरू होते.

जाहिरातींबद्दल बोलायचे तर ठरावीक परिसरातील लोकांना जाहिरात दाखवण्याची सोय उपयोगी आहे, परंतु ती विशिष्ट तारखेच्या, विशिष्ट जागेच्या गोष्टीसाठी, उदाहरणार्थ आपण घेत असलेल्या कार्यशाळेसाठी. एकट्या व्यावसायिकाने ‘माझी सेवा घ्या’ अशी जाहिरात चालवण्याची वेळ आपल्यावर आलेली नाही. पैसे खर्च करण्याआधी मोजणी सुरू करावी: प्रत्येक नव्या विचारणाऱ्याला ‘माझे नाव कोणाकडून कळले’ हे विचारून लिहून ठेवावे, आणि संकेतस्थळाचा दुवा देताना प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी यूटीएम खूण (दुव्याच्या शेवटी जोडलेला, भेट कोठून आली हे सांगणारा मजकूर) जोडावी, म्हणजे लिंक्डइनवरून किती आले आणि बायोमधून किती, हे वेगळे दिसते. सहा महिन्यांनी या नोंदी पाहाव्यात. ज्या वर्तुळातून विचारणा नाही, शिफारस नाही आणि शिकायलाही काही मिळत नाही, तेथे जाणे बंद करावे. फॉलोअरची संख्या त्या निर्णयात धरू नये.

आणि सहा महिने झाल्यावर स्वतः एक छोटी बैठक बोलवावी. यादीतील आठ-दहा जण, ज्यांना एकमेकांचा उपयोग होईल असे; भाषण नाही, सादरीकरण नाही, चर्चेसाठी एकच प्रश्न, जसे की ‘दुकानात पहिल्यांदा हात लावलेले उत्पादन ग्राहक परत का ठेवतो’. निमंत्रण प्रत्येकाला स्वतंत्र संदेशाने पाठवावे आणि त्यात तुम्हाला का बोलावते आहे हे एका वाक्यात लिहावे. विनामूल्य कार्यक्रमांना होकार देऊन न येणारे नेहमीच असतात, म्हणून आदल्या दिवशी आठवण करावी आणि दोन नावे जास्त धरावीत. बैठकीनंतर चर्चेतील मुद्दे सर्वांच्या परवानगीने एका पोस्टमध्ये मांडावेत, ज्याने जो मुद्दा मांडला त्याच्या नावासह, आणि पुढील बैठकीची तारीख लोक उठण्यापूर्वीच ठरवून घ्यावी.